आश्रय, साक्ष आणि न्याय : संघर्ष संपल्यावर चर्चची जबाबदारी कुठवर जाते?

पायवाट (धागाकर्ता)

युद्ध किंवा यादवी संपल्यानंतर ख्रिस्ती चर्च काय करतात, असा विषय निघाला की चर्चा बहुधा अन्न, औषधे आणि तंबू यांच्यापाशीच थांबते. ती मदत मोलाची आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु गेल्या पन्नास वर्षांतील काही देशांचा अनुभव वाचताना मला असे जाणवले की चर्चचे सर्वांत टिकाऊ काम याहून वेगळे होते. जिवाच्या भीतीने दाराशी आलेल्या माणसाला आत घेणे आणि त्याच्यावर काय बेतले ते तारीख, ठिकाण व नावांसह लिहून ठेवणे, ही दोन्ही कामे जिथे एकाच छपराखाली झाली, तिथे वीस-पंचवीस वर्षांनी का होईना, आयोगांना आणि न्यायालयांना पुरावा मिळाला. जिथे नुसता आश्रय मिळाला तिथे माणसे वाचली, पण आपापल्या गावी परतल्यावर त्यांच्यावर अत्याचार करणारेच तिथे सत्तेवर बसलेले त्यांना दिसले. हे माझे मत इथल्या जाणकारांनी तपासून पाहावे, यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात चिलीपासून करतो. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल ऑगस्तो पिनोचे यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता घेतली. त्याला रूढ अर्थाने युद्ध म्हणता येणार नाही, तरी सामूहिक अटका, छळकेंद्रे, बेपत्ता माणसे आणि देश सोडून पळणारी कुटुंबे हे सारे तिथे होते. शेजारच्या देशांतील लष्करी राजवटींपासून पळालेले हजारो परदेशी निर्वासित तेव्हा चिलीतच राहत होते आणि एका दिवसात तेच संशयित ठरले. त्यांच्यासाठी चर्चनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या साह्याने आश्रयस्थाने उघडली. त्याच सुमारास चिलीच्या नागरिकांसाठी कॅथलिक, लुथरन, मेथडिस्ट आणि ज्यू समाजाच्या प्रतिनिधींनी मिळून एक समिती स्थापन केली. तिच्या प्रमुखांपैकी एक असलेले लुथरन बिशप हेल्मुट फ्रेन्झ १९७५ मध्ये परदेशी गेले असताना त्यांना परत येण्यास बंदी करण्यात आली आणि वर्षअखेरीस पिनोचे यांच्या दबावामुळे समितीही बंद करावी लागली. तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी जानेवारी १९७६ पासून तेच काम ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या नावाने थेट सांतियागोच्या महाधर्मप्रांताच्या कारभारात सामावून घेतले. यामुळे समिती बंद पाडणे जितके सोपे होते तितके हे कार्यालय बंद पाडणे सोपे राहिले नाही, कारण त्यासाठी सरकारला कॅथलिक चर्चशी उघड सामना करावा लागला असता.

विकारियाच्या वकिलांनी अटक झालेल्यांसाठी हजारो हेबिअस कॉर्पस अर्ज (अटकेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करावे, अशी मागणी करणारे अर्ज) केले आणि न्यायालयांनी त्यांतील जवळजवळ सर्व फेटाळले. हरणार हे ठाऊक असूनही ते अर्ज करत राहिले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक अर्जाबरोबर कोणाला, कुठून, कोणासमक्ष नेले याची लेखी नोंद होत होती आणि ‘अशी व्यक्ती आमच्या ताब्यात नाही’ हे सरकारचे उत्तरही त्याच फाइलमध्ये जमा होत होते. १९७८ मध्ये लोन्केन येथील चुन्याच्या जुन्या भट्ट्यांत मृतदेह असल्याची माहिती गुप्तपणे चर्चपर्यंत पोहोचली. चर्चने आधी आपली माणसे पाठवून खात्री करून घेतली आणि मगच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे नेले. ते अवशेष ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्ला दे माइपो येथून पकडून नेलेल्या १५ पुरुषांचे निघाले. बेपत्ता माणसे देश सोडून गेली असतील, असे सांगणाऱ्या सरकारला त्यानंतर तोच खुलासा देणे अवघड झाले. १९९० मध्ये लोकशाही परतल्यावर नेमलेल्या रेतिग सत्यशोधन आयोगाने फेब्रुवारी १९९१ मध्ये जो अहवाल दिला, त्याच्या पायाशी विकारियाच्या याच फाइली होत्या.

दुसरे उदाहरण ग्वाटेमालाचे. तिथला अंतर्गत संघर्ष ३६ वर्षे चालला आणि २९ डिसेंबर १९९६ रोजी शांतता करार झाला. करारानुसार नेमल्या जाणाऱ्या सत्यशोधन आयोगाला व्यक्तिगत जबाबदारी निश्चित करण्याचा अधिकार नव्हता. हे आधीच स्पष्ट झाल्यामुळे कॅथलिक धर्मप्रांतांनी बिशप हुआन खेरार्दी यांच्या नेतृत्वाखाली १९९५ मध्ये साक्षी नोंदवण्याचा स्वतःचा प्रकल्प सुरू केला, जो ‘रेम्ही’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. गावोगावच्या शेकडो सामान्य माणसांना साक्ष कशी घ्यावी याचे प्रशिक्षण दिले गेले, साक्षी मोठ्या संख्येने माया भाषांतून घेतल्या गेल्या आणि ५० हजारांहून अधिक बळींची नोंद झाली. चार खंडांचा अहवाल २४ एप्रिल १९९८ रोजी प्रसिद्ध झाला आणि दोनच दिवसांनी, २६ एप्रिलच्या रात्री, खेरार्दी यांची त्यांच्या निवासस्थानी हत्या झाली. जून २००१ मध्ये या हत्येबद्दल लष्कराशी संबंधित तिघांना आणि एका धर्मगुरूलाही शिक्षा झाली.

खेरार्दी यांनी हे काम कार्यालयात बसून आखलेले नव्हते, हेही सांगायला हवे. १९८० मध्ये ते किचे धर्मप्रांताचे बिशप असताना तिथे धर्मगुरूंच्या आणि प्रवचनकारांच्या हत्या इतक्या वाढल्या की त्यांना तो धर्मप्रांतच तात्पुरता बंद करावा लागला आणि ते स्वतः काही काळ कोस्टारिकात परागंदा होते. १९८० च्या दशकात सुमारे ४५ हजार नोंदणीकृत ग्वाटेमाली निर्वासित सीमेपलीकडे मेक्सिकोत होते आणि तिथल्या चियापास राज्यात बिशप सामुएल रुइस यांच्या धर्मप्रांताने त्यांना आधार दिला होता. पुढे या निर्वासितांनी स्वतःचे प्रतिनिधी निवडून सरकारशी वाटाघाटी केल्या. ८ ऑक्टोबर १९९२ च्या करारात त्यांनी जमिनीचा हक्क, सोबत येणाऱ्या निरीक्षकांची उपस्थिती आणि सक्तीच्या लष्करी सेवेतून काही काळ सूट अशा अटी मान्य करून घेतल्या आणि जानेवारी १९९३ मध्ये पहिला मोठा समूह परतला. परतीच्या अटी निर्वासितांनी स्वतः ठरवणे, हे मला संरक्षणाचे सर्वांत पूर्ण रूप वाटते. तरीही ऑक्टोबर १९९५ मध्ये शामान येथे परतलेल्या लोकांच्याच वस्तीत सैनिकांनी ११ जणांना ठार केले, यावरून तह कागदावर येण्याआधीचा आणि नंतरचा काळ किती धोक्याचा असतो ते कळते.

आपल्याला इतर देशांतील उदाहरणे माहीत असतील, किंवा हे मतच चुकीचे वाटत असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

तळटीप

धागा आवडला. आपल्या मांडणीला अमेरिकेतील ‘सँक्च्युअरी’ चळवळीची जोड द्यावी असे वाटते, कारण तिथे आश्रय देणाऱ्या मंडळ्यांना न्यायाचा प्रश्न स्वतःच्या सरकारपुढे मांडावा लागला.

१९८० च्या दशकात एल साल्वादोर आणि ग्वाटेमाला येथून पळालेले लोक मेक्सिकोमार्गे ॲरिझोनाच्या सीमेवर पोहोचत होते. त्या दोन्ही देशांच्या सरकारांना अमेरिकेचा पाठिंबा होता. त्यामुळे तिथून आलेल्यांना निर्वासित मानणे म्हणजे आपल्या मित्रराष्ट्रांत छळ होतो अशी कबुली देणे ठरले असते. परिणामी त्यांच्या आश्रयअर्जांपैकी शंभरात तीनही मंजूर होत नव्हते. टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक जॉन फाइफ आणि त्यांच्या मंडळीने २४ मार्च १९८२ रोजी आपले चर्च उघडपणे आश्रयस्थान म्हणून जाहीर केले. तो दिवस एल साल्वादोरमधील सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या हत्येचा दुसरा स्मृतिदिन होता. लपवून मदत करत राहिलो तर सरकार आपल्याला तस्कर ठरवेल, म्हणून जे करतो ते सांगून करावे, असा विचार त्यामागे होता. पुढे शेकडो मंडळ्या आणि काही ज्यू प्रार्थनास्थळे यात सामील झाली. सरकारने छुप्या ध्वनिमुद्रण यंत्रांसह खबरे चर्चच्या बैठकांत पाठवले, ११ जणांवर खटला भरला आणि १९८६ मध्ये त्यांतील आठ जण दोषी ठरले. मात्र कोणालाही तुरुंगवास झाला नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा खटला. १९८५ मध्ये अमेरिकन बॅप्टिस्ट चर्चेस आणि इतर धार्मिक व निर्वासित संघटनांनी सरकारवरच दावा दाखल केला की आश्रयअर्जांचा निकाल परराष्ट्र धोरण पाहून दिला जातो. जानेवारी १९९१ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार सरकारने साल्वादोरी आणि ग्वाटेमाली अर्जदारांच्या एका फार मोठ्या समूहाला नव्याने सुनावणी देण्याचे मान्य केले. प्रार्थनागृहांत झोपायला जागा देऊन काही हजारांना वाचवता आले असते. या दाव्यामुळे निकाल देण्याची पद्धतच बदलावी लागली. मंडळ्यांनी निर्वासितांकडून ऐकलेल्या हकिगती आधीपासून नोंदवून ठेवल्या नसत्या तर असा दावा उभा करणे कठीण झाले असते, म्हणून आपले मत मला पटते.

शमीवृक्ष

वरील उदाहरणे खरी आहेत आणि त्या माणसांविषयी मला आदर आहे. पण चर्चा एकाच बाजूने पुढे जाऊ नये, म्हणून रवांडाविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते.

एप्रिल ते जुलै १९९४ या काळात रवांडात किमान पाच ते आठ लाख माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य तुत्सी या अल्पसंख्य समाजाचे होते. आधीच्या दशकांतील हिंसाचारात चर्चमध्ये आश्रय घेतलेले लोक वाचले होते, म्हणून याही वेळी हजारो कुटुंबे चर्चकडे धावली. न्यामाता आणि न्तारामा येथील चर्चच्या आतच त्यांची कत्तल झाली. आज त्या दोन्ही वास्तू स्मारके आहेत. न्यांगे येथे तर आत शेकडो लोक असताना बुलडोझरने चर्चची इमारत पाडण्यात आली आणि त्या चर्चचे धर्मगुरू अथानाझ सेरोम्बा यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये अपिलात जन्मठेप दिली. एका ॲडव्हेंटिस्ट पाळकालाही त्याच न्यायाधिकरणाने दोषी ठरवले. आपला जीव धोक्यात घालून माणसे लपवणारे धर्मगुरू, धर्मभगिनी आणि साधे श्रद्धावंतही होते आणि त्यांतील अनेक मारले गेले, हे मी विसरत नाही. परंतु संस्था म्हणून चर्च नरसंहाराच्या आधी सत्तेच्या फार जवळ होते. किगालीचे आर्चबिशप वर्षानुवर्षे सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर होते.

या संदर्भात माझा आक्षेप असा की ‘चर्च’ हा एकच कर्ता धरून बोलता येत नाही. ग्वाटेमालात खेरार्दी यांनी साक्षी जमवल्या त्याच देशात १९८२-८३ मध्ये सर्वांत भीषण लष्करी मोहिमा ज्यांच्या काळात झाल्या, ते जनरल एफ्राइन रिओस मोन्त स्वतः एका इव्हँजेलिकल मंडळीचे सदस्य होते आणि अनेक मंडळ्या त्यांना ईश्वराने पाठवलेला माणूस मानत होत्या. मे २०१३ मध्ये त्यांना नरसंहाराबद्दल दोषी ठरवणारा निकाल आला आणि दहाच दिवसांनी संविधान न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा कोणते चर्च, कोणाच्या बाजूचे, आणि संघर्षाआधी ते कुठे बसले होते, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

रवांडाच्या कॅथलिक बिशपांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या सदस्यांच्या सहभागाबद्दल क्षमा मागितली आणि मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही चर्चच्या व त्याच्या सदस्यांच्या पापांबद्दल ईश्वराकडे क्षमायाचना केली. जे वाचले त्यांच्या दृष्टीने ही बावीस-तेवीस वर्षे फार मोठी होती.

पायवाट

शमीवृक्ष, आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो माझ्या मताच्या आड येत नाही, उलट त्याला धार देतो. किगालीत सत्तेच्या समितीवर बसलेल्या चर्चला सरकारविरुद्ध नोंद ठेवणे शक्यच नव्हते. सांतियागोत ते शक्य झाले, कारण कार्डिनल सिल्वा यांनी सरकारशी संबंध पूर्ण न तोडताही आपले वकील, आपली कार्यालये आणि आपली कागदपत्रे स्वतंत्र ठेवली. त्यांच्या बाजूनेही सर्व बिशप नव्हते, हेही खरे.

म्हणून निकष संप्रदायाचा धरू नये. चर्च कोणाकडून पैसा, जमीन आणि मानमरातब घेते आणि संकटकाळी त्याच्याविरुद्ध साक्ष घेण्याची त्याची तयारी आहे का, यावरून ते आश्रयस्थान आहे की सापळा आहे हे ठरते.

नीलपाखरू

एक शंका आहे, ती वाद वाढवण्यासाठी नाही. संकटात सापडलेल्या माणसाला मदत करताना धर्मप्रसार केला जातो असा संशय नेहमी घेतला जातो. निर्वासित छावणीत ज्याच्याकडे काहीच उरलेले नाही, त्याचा होकार खरोखर स्वेच्छेचा असतो का? यावर चर्चच्या संघटनांनी काही बंधन स्वतःवर घालून घेतले आहे का?

तळटीप

शंका रास्त आहे. १९९४ मध्ये रेड क्रॉस चळवळ आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून एक आचारसंहिता मान्य केली. मदत गरज पाहूनच दिली जाईल, आणि ती कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरली जाणार नाही, ही तिची सुरुवातीची कलमे आहेत. ती तयार करणाऱ्यांत कारितास इंटरनॅशनलिस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होते, म्हणजे हे बंधन बाहेरून लादलेले नाही. केनियातील काकुमा छावणीत लुथरन वर्ल्ड फेडरेशनने अनेक वर्षे विविध धर्मांच्या निर्वासितांमध्ये काम केले आहे. जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस या १९८० मध्ये फादर पेद्रो आरुपे यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे कामही धर्म न पाहता चालते.

सर्वच मंडळ्या ही संहिता पाळतात असा माझा दावा नाही. लहान, स्वतंत्र मंडळ्या अनेकदा तिच्या बाहेर असतात आणि तिथे आपण म्हणता तो धोका खरा आहे. अन्नाची रांग आणि प्रार्थनेची वेळ या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवल्या आहेत का, एवढे पाहिले तरी बरेच काही लक्षात येते.

अवकाश

मला मूळ मतात एक गंभीर अडचण दिसते. साक्ष नोंदवणे आणि शिक्षा होणे हे नेहमी पीडितांच्याच इच्छेनुसार असते, असे धागाकर्त्यांनी गृहीत धरले आहे. उत्तर युगांडाचा अनुभव वेगळा आहे.

लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर संघटनेने तिथे हजारो मुले पळवून नेऊन त्यांना सैनिक बनवले. दुसरीकडे सरकारने संरक्षणाच्या नावाखाली लोकांना गावांतून उठवून छावण्यांत कोंडले आणि विस्थापितांची संख्या एका टप्प्यावर सुमारे १८ लाखांवर गेली. अशा वेळी कॅथलिक, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स आणि मुस्लिम धर्मनेत्यांनी एकत्र येऊन अचोली (उत्तर युगांडातील एक समाज) धर्मनेत्यांचा शांतता उपक्रम स्थापन केला. गुलूचे आर्चबिशप जॉन बाप्टिस्ट ओडामा त्याचे प्रमुख नेते होते. अपहरणाच्या भीतीने रोज संध्याकाळी हजारो मुले खेड्यांतून चालत गुलू शहरात झोपायला येत असत. २००३ मध्ये ओडामा आणि इतर धर्मनेते त्या मुलांबरोबर रस्त्यावर झोपले आणि त्यानंतर जगाचे लक्ष तिकडे अधिक वळले.

याच नेत्यांनी २००० च्या माफी कायद्यासाठी प्रयत्न केले आणि २००५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने बंडखोर नेत्यांवर अटक वॉरंट काढली तेव्हा त्यांनी नाराजी व्यक्त केली. त्यांचे म्हणणे असे की बंडखोर म्हणजे आमचीच पळवलेली मुले आहेत. शिक्षेची भीती दाखवली तर ती जंगलातून परत येणार नाहीत आणि छावण्या कधीच रिकाम्या होणार नाहीत. डॉमिनिक ओंगवेन यांचे प्रकरण पाहिले की हा पेच किती खोल आहे हे कळते. लहानपणी स्वतः पळवून नेला गेलेला हा मुलगा पुढे सेनापती झाला, २०२१ मध्ये युद्धगुन्ह्यांबद्दल दोषी ठरला आणि त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या खटल्यातील पीडितांसाठी ५ कोटी युरोंहून अधिक भरपाईचा आदेश निघाला. दरम्यान, छावण्यांतून गावी परतलेल्यांना रोजचा जाच होता तो जमिनीच्या वादांचा, कारण बांध कुठे होता हे सांगणारी वडीलधारी माणसे छावणीतच वारली होती.

तेव्हा चर्चने कोणता न्याय मागायचा? हेगमधला, की बांधावरचा?

पायवाट

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. युगांडाच्या धर्मनेत्यांनी शिक्षामाफीची मागणी केली ती पळवलेल्या मुलांसाठी, आणि ती मागणी करण्याचा नैतिक अधिकार त्यांना होता, कारण ते त्या मुलांबरोबर आणि छावण्यांतील लोकांबरोबर राहत होते. मोझांबिकचे उदाहरणही इथे घेता येईल. सान्त एजिदियो या रोमच्या कॅथलिक समुदायाने बेइराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हेस यांच्यासह मध्यस्थी केली आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये करार झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे १७ लाख निर्वासित शेजारच्या देशांतून परतले. सार्वत्रिक माफी मिळाली, सत्यशोधन आयोग नेमला गेला नाही आणि तरीही युद्ध थांबले. तिथल्या ख्रिस्ती परिषदेने बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने बंदुका जमा करून त्याबदली कुदळी, सायकली आणि शिवणयंत्रे देण्याचा प्रकल्पही चालवला. त्या लाखो लोकांची घरवापसी कोणत्याही निकालपत्रापेक्षा कमी मोलाची आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पण माफी आणि विस्मरण यांत मी फरक करतो. शिक्षा माफ करायची की नाही हे पीडितांनी ठरवावे. त्यासाठी काय घडले हे आधी लिहिलेले असावे लागते. एल साल्वादोरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल १५ मार्च १९९३ रोजी आला आणि अवघ्या पाच दिवसांत तिथल्या विधिमंडळाने सार्वत्रिक माफीचा कायदा केला. तिथे पीडितांना कोणीही विचारले नव्हते. अशी माफी आणि अचोली मातांनी मागितलेली माफी एका मापाने मोजता येणार नाही.

बांधाच्या वादाविषयी आपण लिहिले ते मला फार पटले. परतणाऱ्यांच्या जमिनीची नोंद छावणीत असतानाच, वडीलधारी हयात असतानाच, घ्यायला हवी आणि गावागावांत पोहोचलेल्या चर्चला ते काम इतर कोणापेक्षाही सोपे आहे.

ओंजळ

आपल्या देशातील एक उदाहरण जोडते. ओडिशाच्या कंधमाळ जिल्ह्यात ऑगस्ट २००८ मध्ये विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांच्या हत्येनंतर ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले आणि हजारो कुटुंबे जंगलात व मदत छावण्यांत गेली. कटक-भुवनेश्वरचे आर्चबिशप राफाएल चीनथ यांनी संरक्षण, पुनर्वसन आणि भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २ ऑगस्ट २०१६ च्या निकालात न्यायालयाने वाढीव भरपाईचे आदेश दिले आणि नोंद केली की दाखल झालेल्या ८२७ गुन्ह्यांपैकी ३१५ प्रकरणांत आरोपपत्रच झाले नाही, तर सुनावणी पूर्ण झालेल्या ३६२ खटल्यांपैकी केवळ ७८ मध्ये दोष सिद्ध झाला. बंद केलेल्या प्रकरणांचा फेरविचार करावा, असेही न्यायालयाने सांगितले. त्या निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत आर्चबिशप चीनथ यांचे निधन झाले.

या लोकांनी राष्ट्राची सीमा ओलांडलेली नसल्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत ते निर्वासित नव्हते, अंतर्गत विस्थापित होते, आणि अशा लोकांसाठी जागतिक पातळीवर वेगळा बंधनकारक करार नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत देशांतर्गत न्यायालयापुढे टिकून राहणारा याचिकाकर्ता लागतो. आठ वर्षे खटला चालवणे एखाद्या विस्थापित कुटुंबाला शक्य नसते, संस्थेला असते. मिझोरममध्ये २०२१ नंतर म्यानमारमधून आलेल्या चिन लोकांना तिथल्या चर्चनी आणि समाजसंघटनांनी दिलेला आधारही याच संदर्भात आठवतो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे तिथे समाजाची इच्छा हेच मुख्य संरक्षण ठरले.

तळटीप

ओंजळ, कंधमाळचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कायद्यातच वाट शोधण्याचे आणखी एक उदाहरण इटलीचे आहे. १५ डिसेंबर २०१५ रोजी सान्त एजिदियो, इटलीतील इव्हँजेलिकल चर्चचा महासंघ आणि वाल्डेन्सियन चर्च यांनी इटलीच्या सरकारशी ‘मानवतावादी मार्गिकां’चा करार केला. युरोपीय व्हिसा संहितेतील २५ व्या कलमानुसार एखादा देश मानवतावादी कारणासाठी केवळ आपल्या हद्दीपुरता व्हिसा देऊ शकतो; त्या कलमाचा आधार घेऊन लेबनॉनमधील सीरियन निर्वासितांना फेब्रुवारी २०१६ पासून विमानाने, रीतसर कागदपत्रांसह आणले गेले. खर्च चर्चनी उचलला. इटलीत करदाता आपल्या आयकरातील हजारी आठ हिस्सा एखाद्या धर्मसंस्थेला देऊ शकतो आणि वाल्डेन्सियन चर्च त्यातून मिळणारा पैसा उपासनेसाठी न वापरता सामाजिक कामासाठीच वापरते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांनी मिळून हे केले, ही गोष्ट वाल्डेन्सियनांनी शतकानुशतके कॅथलिक सत्तांकडून सोसलेला छळ ठाऊक असणाऱ्याला विशेष वाटेल.

एका गोष्टीची खंत वाटते. या मार्गिकांनी जितक्यांना आणले त्याच्या कितीतरी पट माणसे त्याच वर्षांत भूमध्य समुद्रात बुडाली. चर्चनी हा नमुना उभा केला. त्याचे धोरण करणे सरकारांच्या हाती आहे आणि तिथे चर्चनी मागणीचा जोर कमी होऊ देता कामा नये.

पायवाट

सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. एक विषय अजून आला नाही, तो मांडतो: जमवलेल्या साक्षींची मालकी कोणाची?

सान साल्वादोरच्या महाधर्मप्रांतात आर्चबिशप आर्तुरो रिवेरा इ दामास यांनी १९८२ मध्ये ‘तुतेला लेगाल’ हे कार्यालय सुरू केले. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते येथे लष्कराने केलेल्या हत्याकांडाची बळींच्या नावांनिशी नोंद या कार्यालयाने केली आणि सरकार हत्याकांड नाकारत असताना वाचलेल्यांना साथ दिली. ऑक्टोबर २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने एल साल्वादोर सरकारला जबाबदार ठरवले, त्यात या कामाचा वाटा होता. आणि सप्टेंबर २०१३ मध्ये, माफी कायद्याच्या वैधतेचा प्रश्न न्यायालयात गेला असतानाच, महाधर्मप्रांताने हे कार्यालय अचानक बंद केले. कर्मचाऱ्यांना अगोदर सूचना नव्हती, आणि हजारो साक्षींच्या फाइली आत राहिल्या. ज्यांनी त्या साक्षी दिल्या होत्या ते लोक आपल्याच शब्दांसाठी दाराबाहेर उभे राहिले. कर्मचाऱ्यांनी नव्या नावाने संस्था काढली आणि २०१६ मध्ये माफी कायदा घटनाबाह्य ठरल्यावर एल मोसोतेचा खटला पुन्हा उघडला गेला, पण ज्या आर्चबिशपच्या काळात कार्यालय सुरू होते त्यांच्या पश्चात आलेल्याला ते एका निर्णयात बंद करता आले, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

चिलीत विकारिया १९९२ मध्ये बंद झाली तेव्हा तिच्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र संस्था उभी केली गेली आणि २००३ मध्ये मानवाधिकारांविषयीचा हा संग्रह युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समाविष्ट झाला. ग्वाटेमालात रेम्हीचे कार्यकर्ते अहवालातील मजकूर सोप्या स्वरूपात परत गावांत घेऊन गेले. या दोन्ही ठिकाणी कागद एका बिशपच्या मर्जीवर राहिले नाहीत. माझी सूचना अशी की साक्ष घेतानाच तिची एक प्रत साक्षीदाराकडे किंवा त्याच्या गावातील विश्वासू माणसाकडे द्यावी. त्यात धोका असेल तर ती देशाबाहेरील सुरक्षित अभिलेखागारात ठेवावी आणि साक्षीदाराच्या लेखी संमतीशिवाय ती कोणालाही दाखवता वा नष्ट करता येणार नाही, असा नियम चर्चने आधीच स्वतःवर घालून घ्यावा.

शमीवृक्ष

ही सूचना मला मान्य आहे. तिच्यात एवढी भर घालावी: चर्चच्या स्वतःच्या माणसांविरुद्ध दिलेली साक्षही त्याच नियमाने जपली जावी. रवांडातील पीडितांना आपल्याच धर्मगुरूंविरुद्ध बोलण्यासाठी परदेशातील न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले आणि दरम्यान त्यांपैकी काही धर्मगुरू युरोपातील मंडळ्यांत धर्मसेवा करत होते.